संकटाला तारीख दिली, तशी अधिकारांनाही द्या

नमस्कार मंडळी, जोहार, जय सेवा.

धानाची कापणी सुरू आहे, त्याच्यामुळे बरेच जण आत्ता वावरात असतील आणि रेडिओ धुऱ्यावर लागलेला असेल, म्हणून जास्त लांबण लावत नाही. आजचा विषय मी स्वतःहून मागून घेतला. संकटाच्या काळात सरकारला किती अधिकार द्यायचे, आणि त्या काळात आपला फोन, आपलं घर, आपण कोणाशी काय बोललो हे आपलं राहतं की नाही. आमच्या गडचिरोलीत हा प्रश्न दर आठवडी बाजाराला समोर येतो, तरी त्याच्यावर उघड बोलणारे कमीच. मी गावोगावी कायदेविषयक मदतीचं काम करते, त्यात लोक घरात, चुलीजवळ बसून जे सांगतात ते सभेत उभं राहून कधीच सांगत नाहीत.

एक गोष्ट आधीच बोलून टाकते. संकट खोटं होतं असं मी अजिबात म्हणत नाही. ८ ऑक्टोबर २००९ ला भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर गेला. सी-६० म्हणजे गडचिरोली पोलिसांचं नक्षलविरोधी पथक, त्यातली कितीतरी पोरं याच जिल्ह्यातली, आपल्यासारखीच गोंडी, माडिया बोलणारी, सुट्टीत घरी येऊन रोवणीला हात लावणारी. आणि गावातले साधे लोक, ज्यांना नक्षलवाद्यांनी मुखबीर, म्हणजे पोलिसांचा खबऱ्या म्हणून रात्री घरातून उचलून नेलं आणि सकाळी रस्त्यावर टाकून दिलं, त्यांच्या बायकांसोबत मी बसली आहे. त्यांना कोणी विचारलं नव्हतं की बाबा तुझं म्हणणं काय आहे. संशय आला, मारलं, चिठ्ठी ठेवली, विषय संपला.

म्हणूनच मी सरकारकडून वेगळ्या वागण्याची अपेक्षा करते. आरोप काय ते सांगणं, ऐकून घेणं, लेखी देणं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं, हे सगळं आपल्या संविधानात आणि कायद्यात आहे, आणि बंदूकवाल्यात आणि सरकारात आपल्याला जो फरक दिसतो तो याच्याचमुळे दिसतो. हे सोडून दिलं तर गावातल्या माणसाला दोन्हीकडून सारखंच वाटायला लागतं, दोन्हीकडून नुसता संशय. आणि त्या माणसाचं मन एकदा उडालं की मग कितीही रस्ते बांधा, टॉवर उभे करा, ते परत येत नाही.

आता फोनचं सांगते. पावसाळ्यात एका गावातला पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा, बाजारातून तेल-मीठ घेऊन येत होता, पोलिसांनी नाक्यावर थांबवलं, फोन मागितला, लॉक उघडायला लावलं, फोटो पाहिले, व्हॉट्सॲप पाहिलं आणि फोन ठेवून घेतला, उद्या ये म्हणाले. उद्याचे तीन आठवडे झाले. पावती नाही, पंचनामा नाही, कोणत्या गुन्ह्यात घेतला ते पण नाही. त्या फोनमध्ये काय होतं ते मी त्याला विचारलं तर त्याने बोटावर मोजून सांगितलं, तेंदूपत्त्याच्या पुड्यांचा हिशोब, बापाच्या धान विक्रीच्या नोंदणीचा ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर, बहिणीच्या लग्नाचे फोटो, आणि मग थोडं थांबून म्हणाला की एका पोरीशी बोलणं आहे. त्याची माय बाजूला बसून कांदा चिरत होती, ती म्हणाली, "बाई, फोन तं परत भेटन, पण आतलं पाहून घेतलं ते कसं परत भेटन?"

लपवायला काही नसेल तर घाबरता काहून, असं म्हणणाऱ्यांना मी या माऊलीचा प्रश्न सांगते. त्या पोराने कुठलाच गुन्हा लपवला नव्हता. बहिणीचे फोटो कोणी पाहायचे आणि कोणी नाही, एवढंच त्याला ठरवायचं होतं, आणि ते ठरवायचा हक्क आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या घरात हवाच असतो, नाक्यावरच्या जवानाला पण हवा असतो.

तिथल्या साहेबांशी मी बोलले. माणूस वाईट नव्हता, चहा दिला, खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, माझ्या बॅचचे दोन जण गेले. एखाद्या फोनमध्ये एक फोटो सापडला असता तर कदाचित वाचले असते. जंगलात कोण पंचनामा करत बसेल?" याच्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण त्यांच्या दुःखाला उत्तर नसतंच. पण नंतर मी त्यांना म्हटलं, साहेब, संशय असेल तर फोन घ्या ना, कायदा तुम्हाला घेऊ देतो, पण नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १०५ मध्ये झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं लिहिलंय, जप्त केलेल्या वस्तूंची यादी करायची, त्याच्यावर सह्या घ्यायच्या. हे तुमच्या मोबाईलवर होतं, दहा मिनिटांत होतं. शिवाय उद्या त्या फोनमध्ये खरंच काही सापडलं तर कागदाशिवाय कोर्टात ते टिकणार कसं? तेव्हा तर तुमचीच केस पडेल.

आणि केस पडते, हे काही मी हवेत बोलत नाही. गडचिरोलीच्या सेशन कोर्टाने मार्च २०१७ मध्ये दिल्लीचे प्रोफेसर जी. एन. साईबाबा आणि बाकीच्यांना, माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून, यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्यं रोखायच्या कायद्याखाली शिक्षा दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना सोडलं, कारण खटला चालवायला सरकारची जी परवानगी लागते तीच नीट घेतलेली नव्हती. सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द करून केस परत पाठवली, आणि ५ मार्च २०२४ ला नागपूर खंडपीठाने दुसऱ्यांदा सगळ्यांना निर्दोष सोडलं, या वेळी पुरावा पण टिकला नाही असं म्हटलं. तुम्ही साईबाबांच्या विचारांच्या बाजूचे असा की विरुद्ध असा, एवढं तरी बघा की त्या आरोपींमध्ये आपल्या जिल्ह्यातला एक आदिवासी तरुण होता, तो २०१३ मध्ये अटक झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेतच आजाराने वारला. त्याची निर्दोष सुटका कागदावर झाली, पण तोपर्यंत तो राहिलाच नव्हता. त्याच्या घरच्यांना ती नऊ वर्षं कोण देणार, मला तर या प्रश्नापाशी बोलताच येत नाही.

बरं, आता थोडं मागे जाऊ. १९७१ साली मिसा नावाचा, खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवता येईल असा कायदा आला, बांगलादेशचं युद्ध तोंडावर होतं, देशाची सुरक्षा म्हणून आला, तेव्हा कोणाला त्यात फार वावगं वाटलं नसेल. चार वर्षांनी, २५ जून १९७५ ला आणीबाणी लागली आणि तोच कायदा विरोधी पक्षांच्या लोकांवर चालला, संघाचे, समाजवादी, सगळे आत. आपल्या विदर्भातले पण किती जण नागपूरच्या जेलमध्ये होते, म्हाताऱ्या लोकांना विचारा, ते सांगतील. तेव्हा देशातल्या काही हायकोर्टांनी म्हटलं की आणीबाणी असली तरी माणसाला बेकायदा डांबून ठेवलं तर कोर्ट विचारू शकतं, आणि त्यात आपलं नागपूर खंडपीठ होतं, याचा मला फार अभिमान वाटतो. सुप्रीम कोर्टाने मात्र २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने दिला. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लिहून ठेवलं की आणीबाणीतही जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क थांबवता येणार नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, तेव्हा १९७६ चा तो निकाल पण चुकीचा होता असं स्पष्ट लिहिलं. सरकारला खासगी गोष्टीत हात घालायचा असेल तर त्याच्यासाठी कायदा पाहिजे, कारण खरं पाहिजे, आणि जेवढी गरज तेवढाच हात घालायचा. एवढं हे साधं आहे, नाक्यावरच्या शिपायाला पण समजेल असं.

मिसाचं सांगितलं ते याच्यासाठी की आज आपल्याला आवडणारं सरकार आहे म्हणून आपण अधिकार देतो, पण ते अधिकार त्या सरकारसोबत जात नाहीत, ते खुर्चीत राहतात आणि पुढे जो बसेल त्याच्या हातात जातात.

आता माझा मुख्य मुद्दा. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला १९८५ मध्ये, पंजाब पेटला होता. पण टाडाला मुदत होती, दर वेळी संसदेत वाढवून घ्यावा लागायचा, आणि त्याच्या गैरवापराची एवढी ओरड झाली की १९९५ मध्ये तो वाढवलाच नाही, संपला. २००२ च्या पोटाला, तोही तसाच दहशतवादविरोधी कायदा, पण मुदत होती, तो २००४ मध्ये रद्द केला. मग केलं काय, तर पोटामधल्या बऱ्याच तरतुदी यूएपीएमध्ये टाकल्या, आणि यूएपीए म्हणजे १९६७ चा कायमचा कायदा, त्याला मुदतच नाही. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये तो अजून कडक झाला, आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडी, जामीन जवळजवळ अशक्य, आणि हे सगळं हल्ल्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांत मंजूर. लोक रडत होते, चिडले होते, तेव्हा कोण वाचतं बारीक अक्षरं. २०१९ मध्ये एकट्या माणसाला पण दहशतवादी घोषित करायची सोय झाली. म्हणजे पूर्वी निदान दोन-दोन वर्षांनी संसदेत उभं राहून सांगावं तर लागायचं की अजून याची गरज काहून आहे, आता तेही लागत नाही.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा मोठा नेता भूपती ६० जणांसोबत गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. मोठी गोष्ट आहे ही, मला खरंच आनंद झाला, रात्री लवकर दार लावून बसायचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांनाच त्याची किंमत कळेल. केंद्र सरकारने तर नक्षलवाद संपवायची तारीखच जाहीर केली होती, ३१ मार्च २०२६. माझं म्हणणं सोपं आहे. संकटाला तारीख देता, तर संकटासाठी घेतलेल्या अधिकारांना पण तारीख द्या. त्या तारखेनंतरही नाक्यावर फोन उघडायला लावणार का? कोणाच्या घरी कोण पाहुणा आला याच्या नोंदी ठेवल्या असतील तर त्यांचं काय करणार, फाडणार, जपून ठेवणार की दुसऱ्या ऑफिसला देणार? हे मला कोणीतरी लेखी सांगावं.

कारण दुसरीकडे उलटंच दिसतंय. संघटनांना बेकायदा ठरवायचा अधिकार सरकारला देणारं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. नक्षलवाद संपत आला असं सांगायचं आणि त्याच वर्षी त्याच्यासाठी नवीन कायदा आणायचा, हे मला तरी जुळत नाही. सरकार म्हणतं शहरांमध्ये त्यांच्या संघटना आहेत, इतर राज्यांत असे कायदे आहेत. ठीक आहे, ते ऐकून घेतलं पाहिजे. पण त्या कायद्यालाच मुदत नाही.

इंटरनेटचं पण तसंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली तेव्हा नेट बंद केलं, कर्फ्यू लावला. अफवा थांबवायला काही तास बंद ठेवलं तर मी समजू शकते. पण सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये, काश्मीरच्या केसमध्ये, सांगितलंय की असा आदेश जाहीर करावा लागतो आणि बेमुदत बंद ठेवता येत नाही, नियमात पण आता एका आदेशाची मर्यादा १५ दिवस आहे. फोन टॅपिंगला पण मुदत आहे, साधारण ६० दिवस, वाढवून जास्तीत जास्त १८०, आणि आदेश गृहसचिवाच्या पातळीवरचा लागतो. म्हणजे जिथे कोर्टाने जोर लावला तिथे तारीख आली. मग बाकी ठिकाणी येऊ शकत नाही असं थोडीच आहे.

काम करता करता काही गोष्टी लक्षात ठेवा, उद्या लागू शकतात. फोन घेतला तर जप्तीच्या यादीची प्रत मागा, भांडू नका, आवाज चढवू नका, नुसतं मागा आणि घेणाऱ्याचं नाव, हुद्दा, तारीख, वेळ घरी येऊन वहीत लिहा. साक्षीदार म्हणून चौकशीला बोलावलं तर नोटीस लेखी पाहिजे, आणि बाईमाणसाला किंवा साठ वर्षांवरच्या माणसाला त्यासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरीच यावं लागतं. ही गोष्ट कितीतरी पोलीस पाटलांना पण माहीत नाही, त्यांना सांगा. अडचण आली तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर आहे, फोन फुकट, पात्र असेल त्याला वकील पण फुकट मिळतो.

आणि अशी मागणी करून होतं काय, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. त्या जनसुरक्षा विधेयकावर लोकांनी बारा हजारांवर सूचना पाठवल्या होत्या. त्याच्यानंतर विधिमंडळाच्या संयुक्त समितीने विधेयकाच्या उद्देशातून साध्या व्यक्तीचा उल्लेख काढला, तपास फौजदाराऐवजी उपअधीक्षकाकडे दिला. कडव्या डाव्या आणि तशाच प्रकारच्या संघटना हे शब्द अजून राहिलेत, आणि तशाच प्रकारची म्हणजे कोणती हे सरकारच ठरवणार. आपल्या ग्रामसभा, वनहक्क समित्या, बचत गट, यांच्यावर उद्या कोणी बोट ठेवलं तर काय, हा प्रश्न आमदार गावात आले की विचारा, आणि सोबत हे पण विचारा की या कायद्याला मुदत टाकायची दुरुस्ती पुढच्या अधिवेशनात मांडता का. हिवाळी अधिवेशन नागपुरातच असतं, निवेदन द्यायला मुंबई गाठायची गरज नाही.