फोडणीतली हळद आणि सोयाबीनचं तेल

नमस्कार मंडळी! आज स्वयंपाकघरातूनच सुरू करू. एका वाटीत पाणी, दुसरीत कोमट तेल, दोन्हीत चिमूटभर हळद टाका आणि थोडा वेळ तसंच राहू द्या. पूड दोन्हीकडे तळाला बसते, पण वरचं तेल पिवळंधमक राहतं आणि पाणी मात्र फिकं, कारण हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही, तेलात उतरतं. म्हणजे आपली फोडणी हे एक्स्ट्रॅक्शनच झालं की, हवा तो घटक द्रवात विरघळवून काढून घेणं, आणि तेल आपलं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव!

आता हेच लातूरकडच्या सोयाबीनला लावून बघा. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल, त्यामुळे घाण्यावर पिळलं की भळाभळा येतं, पण सोयाबीनमध्ये 18 ते 20 टक्केच, एक्सपेलरनं, म्हणजे दाबून तेल काढायच्या यंत्रानं, कितीही दाबा, पेंडीत 6-7 टक्के तेल उरतंच, म्हणजे असलेल्या तेलातला पाव हिश्शाहून जास्त माल पेंडीतच गेला. मग पिळायचं सोडून धुवायचं. दाणा फोडून, गरम करून, रोलरखाली दाबून पातळ फ्लेक्स करतात आणि त्यावर हेक्झेन सोडतात. पेट्रोलच्याच घराण्यातलं हे, तेल ओढून घेतं, पेंडीत एक टक्क्याच्या आसपासच उरतं. शुद्ध हेक्झेन 69 अंशांला उकळतं, म्हणून वाफ देऊन ते उडवायचं, थंड करून परत त्याच कामाला लावायचं. पेंडीतलंही वाफेनंच काढतात, आणि त्या उष्णतेनं सोयाबीनमधला पचनाला आडवा येणारा घटकही निकामी होतो, नाहीतर कोंबड्यांना ती पेंड मानवत नाही. बाजारात जिला डीओसी (डी-ऑइल्ड केक, तेल काढलेली पेंड) म्हणतात ती हीच.

पण हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीनं भडकते, म्हणून अशा प्लांटमध्ये काडेपेटी, मोबाइल गेटवरच काढून घेतात. घरी असले प्रयोग करू नका बाबांनो, खरंच.

औषधातही तीच गंमत. मलेरियावर चीनमधल्या तू यूयू एका वनस्पतीचा अर्क काढत होत्या, गुण कधी यायचा कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्याच्या नोंदीत त्यांना दिसलं की मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळून प्यायचा, उकळायचं नावच नाही! उष्णतेनं औषध बिघडत असणार, हे त्यांनी ओळखलं आणि 35 अंशांलाच उकळणारं ईथर वापरलं, 1971 साली अर्क लागू पडला. पुढे त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि 2015 मध्ये त्यांना नोबेल. मला यात नोबेलपेक्षा ती जुनी नोंद नीट वाचणं जास्त भारी वाटतं.

बरं, "मग आपण पेट्रोल खातो का?" असं बरेच जण विचारतात. नाही हो. असं काढलेलं तेल रिफाइन केल्याशिवाय खायला विकताच येत नाही, आणि त्यात हेक्झेन दहा लाख भागांत 5 भागांपेक्षा जास्त चालत नाही, असा आपल्याकडचा नियम आहे. लाकडी घाण्याच्या तेलाला वास छान, चव छान, कबूल, पण सोयाबीनचं तेल त्या भावात आणि एवढं सगळ्यांना पुरेल असं घाण्यावर निघणारच नाही.

शेंगदाण्याचं मात्र मी घाण्यावरूनच आणते, लसणाच्या चटणीवर दुसरं चालतच नाही आमच्याकडे, आणि येताना पेंडही आणते, शेजारच्या गाईला.