मानशीची पावणी आणि स्टॅनफर्डचे प्राध्यापक

[दृश्य : स्टॅनफर्ड विद्यापीठाचा परिसर]

२०२० चे अर्थशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा ८३ वर्षांच्या रॉबर्ट विल्सन यांना पत्रकारांनी विचारले, तुम्ही स्वतः कधी लिलावात बोली लावलीय का? त्यांना काही आठवेना. मग पत्नीने आठवण करून दिली : ईबेवरून स्कीचे बूट घेतले होते की!

लिलावाच्या सिद्धान्तात हयात घालवलेल्या माणसाचा प्रत्यक्ष अनुभव एवढाच. गोव्यात याचे हसू येईल. इथे पावणी, म्हणजे लिलाव, न पाहिलेला माणूस शोधावा लागतो. देवाला वाहिलेल्या केळीच्या घडाची पावणी होते, तशी मानशीचीही होते.

[दृश्य : खाजन शेत, ओहोटीची वेळ, मानशीची दारे]

दिवाडी, चोडण, सांत इस्तेव्ह ही मांडवीतली बेटे. मांडवीचे खारे पाणी बांध घालून अडवले आणि ही खाजने उभी राहिली. बांधातली मानस म्हणजे लाकडी दारे. भरतीच्या रेट्याने ती आपसूक मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतात. त्या तोंडाशी रात्री जाळे लावायचे. सुंगटे, काळुंदरे, नशीब जोरावर असले तर एखादे चोणकूल. ही मासळी धरायचा हक्क पावणीने जातो, आणि आलेल्या पैशांतून बांधांची डागडुजी व्हावी अशी अपेक्षा असते.

आता गंमत बघा. पावणी कुणीही घेतली तरी मासळी येणार तेवढीच. पाच जणांनी पाच अंदाज बांधले, तर त्यांची सरासरी बहुधा खऱ्याच्या जवळ जाते. पण पावणी सरासरीवाल्याला मिळत नाही. ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला, त्याच्या नावावर ‘तीन वार’ होते. विल्सन यांनी १९६० च्या दशकाअखेरीपासून हेच गणितात मांडले, आणि समुद्रातल्या तेलाच्या पट्ट्यांच्या बोल्यांना ते नेमके लागू पडले. जिंकलो, म्हणजे बाकी सगळ्यांना माल कमी किमतीचा वाटला. शहाणा माणूस हे आधीच धरतो आणि आपली बोली खाली ओढतो. न ओढणाऱ्याला भोवतो तो ‘विजेत्याचा शाप’.

तेल कंपनीला हा शाप ताळेबंदात दिसतो. खाजनात तो भाताला लागतो. चढी बोली वसूल करायची तर जास्त मासळी हवी. जास्त मासळीसाठी जास्त खारे पाणी आत घ्यायचे, म्हणजे दारे हवी तेवढा वेळ उघडी. खारवट जमिनीत तग धरणारे कोरगुट भातही इतके मीठ सोसत नाही, आणि बांध खचतो तो वेगळाच. शेतकऱ्यांचे हे जुने गाऱ्हाणे आहे. बोली चढवली एकाने, भरपाई करतो दुसराच.

[दृश्य : फळ्यावरची समीकरणे]

विल्सन यांचे विद्यार्थी पॉल मिल्ग्रम आधी विम्याचे गणित करायचे. १९७९ मध्ये स्टॅनफर्डची पीएचडी झाली. १९८२ मध्ये रॉबर्ट वेबर यांच्याबरोबर त्यांनी दाखवले की अशा मालाची बोली उघड असेल, तर दुसरे कुठवर टिकून आहेत ते दिसते, फसण्याची धास्ती ओसरते आणि विकणाऱ्याच्या पदरात सरासरीने जास्त पडते. बंद पाकिटात ही सोय नाही. पुढे अमेरिकेतल्या रेडिओ लहरींच्या लिलावाचे नियम घडवण्यात या दोघांचा मोठा वाटा होता. जुलै १९९४, दहा परवाने, ४७ फेऱ्या, ६१.७ कोटी डॉलर. दोघांना मिळून मिळालेल्या नोबेलची बातमी मिल्ग्रमना विल्सननीच मध्यरात्री दार ठोठावून दिली, कारण दोघांची घरे समोरासमोर.

[दृश्य : डिचोलीजवळची खाण]

गोव्यातली सर्वांत मोठी पावणी आता खाणींची. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या पट्ट्यांचा ई-लिलाव झाला. आधी बंद देकार, मग त्यातल्या वरच्यांमध्ये उघड चढाओढ. इथे बोली ठोक रकमेची नसते, बाहेर जाणाऱ्या खनिजाच्या किमतीतल्या हिश्शाची असते. खनिज कमी निघाले तर हिश्शाचे देणेही कमी. चुकलेल्या अंदाजाचा भार थोडा सरकारच्याही खांद्यावर.

मानशीच्या पावणीला असा हिस्सा लावता येईल? कागदावर सहज. फक्त ओहोटी रात्री तीनला लागली, तर बांधावर मासळी तोलून घ्यायला कोण जाणार, ते आधी ठरवावे लागेल.