धुक्यातला क्रॉस आणि घोड्याच्या पोटातला शिकारी

नमस्कार मंडळी, आज जरा लांब जायचंय, इंग्लंडमधल्या डेव्हनला, डार्टमूरच्या माळावर. माळ म्हणजे झाड नाही, घर नाही, पायाखाली दलदल, आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. तिथं सिवर्डचा क्रॉस उभाय, ग्रॅनाइटचा, माणसाहून उंच, १२४० च्या हद्दीच्या कागदातही त्याचा उल्लेख आहे. असे क्रॉस वाट दाखवायला असायचे, परत सांगतो, वाट दाखवायला, म्हणजे एका मठातून दुसऱ्या मठात निघालेला माणूस चिखलात जाऊ नये. हा हद्दीची खूण पण होता.

आता जवळच चाइल्डचं थडगं आहे, खरं सांगायचं तर मी आज तेच सांगायला आलोय. दंतकथा आहे हं. चाइल्ड म्हणजे बडा जमीनदार, शिकारीचा भारी नाद, एकदा सोबत्यांपासून चुकला आणि हिमवादळात सापडला. थंडी अशी की त्यानं आपलाच घोडा मारला, पोट फाडलं आणि उबेला आत शिरून बसला! तरी गोठून गेलाच. पण जाण्याआधी घोड्याच्या रक्तानं लिहून ठेवलं, जो मला आधी सापडून पुरेल त्याला माझी प्लिम्स्टॉकची जमीन. झालं, टॅव्हिस्टॉकच्या मठातले साधू धावले, प्रेत उचललं, तर प्लिम्स्टॉकची माणसं नदीवर दबा धरून बसलेली. साधू काय कमी नाहीत, त्यांनी दुसरीकडेच पूल टाकला, पलीकडे गेले, पुरलं, जमीन खिशात. जमीन म्हटली की साधू काय आणि आमच्या सोसायटीची कमिटी काय, पार्किंगचं काय झालं ते... जाऊ दे, तो वेगळा विषय.

तर त्या थडग्याचे दगड १८१२ मध्ये एकानं घर बांधायला नेले, १८९० ला ते पुन्हा रचलं, वरचा क्रॉस नवा. सिवर्डचा क्रॉस १८४६ च्या सुमारास गुरं शोधायला आलेल्या दोन पोरांनी पाडला आणि मोडला, १८४८ ला गवंड्यानं लोखंडी पट्ट्या लावून सांधला. आता अशा क्रॉसना १९७९ च्या कायद्याचं संरक्षण आहे, मोडणं सोडाच, कललेला सरळ करायचा तरी आधी सरकारची परवानगी, हो, सरळ करायला पण परवानगी.

गुरं मात्र अजून खुशाल अंग घासतात त्याला.