रूट केल्यानं आपली कणगी रिकामी होत नाही

मंडळी, मागच्या आठवड्यात आपल्या येळ्ळूरचाच एक मुलगा माझ्याकडे आला. फोन ३२ जीबीचा, गच्च भरलेला. म्हणाला, ‘सर, बेळगावात एक जण रूट करून देतो म्हणतोय. कंपनीनं घातलेली नको ती अ‍ॅप्स काढली की जागा होते म्हणे. करू काय?’

अँड्रॉइड चालतं लिनक्सवर. तिथं ‘रूट’ म्हणजे घरातला कर्ता, त्याला कुठल्याच खोलीत मनाई नाही. कंपनी ही किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. ती मिळवणं म्हणजे रूट करणं. फोन तुमचा आहे, किल्ली मागण्यात काही चूक नाही. पण जागेसाठी मागत असाल तर हिशेबच चुकतोय.

फोनच्या साठवणीचे भाग पाडलेले असतात. एकात सिस्टीम आणि कंपनीची अ‍ॅप्स, दुसऱ्यात तुमचे फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅप. घरात दोन कणग्या असाव्यात तसं. सिस्टीमच्या कणगीतून अर्धा जीबी उपसलं तरी ती जागा तिथंच पडून राहते. तुमच्या कणगीत मूठभर भातसुद्धा जास्त मावत नाही.

आणि त्यासाठी मोजायचं काय? रूट करायला बहुतेक फोनचा बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, आधी उघडावा लागतो, आणि तो उघडताना फोन आतला सगळा डेटा पुसून टाकतो. मी स्वतः हे केलंय. माझ्या वडिलांचं एक रेकॉर्डिंग होतं, अकरा मिनिटांचं. शिवारात उभं राहून ते सांगत होते, धूळवाफ पेरणीला कुरी कशी धरायची, माती हातात घेऊन कशी ओळखायची. मधेच बैलाला हाक मारलेली, वाऱ्याचा आवाज. स्क्रीनवर इंग्रजीत सूचना आली होती. मी न वाचताच बटण दाबलं. दोन मिनिटांत फोन नव्यासारखा कोरा झाला. वडील त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते.

बाकीचं थोडक्यात सांगतो. रूट केलेला फोन बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स ओळखतात आणि बरीचशी चालायला नकार देतात. कंपनीचे अपडेट नेहमीसारखे बसत नाहीत, म्हणजे सुरक्षेची भोकं उघडीच राहतात. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये नॉक्सचा, म्हणजे त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा, एक फ्यूज असतो. तो एकदा उडाला की पुन्हा रूट काढलं तरी जुळत नाही. रूट करताना दुसऱ्याच मॉडेलची फाइल घातली तर फोन कंपनीच्या चिन्हावर येऊन अडकतो, पुढं जातच नाही. आणि ‘एका टिचकीत रूट’ म्हणणारं कुठलंतरी अ‍ॅप घेतलंत, तर कर्त्याची किल्ली तुम्ही अनोळखी माणसाच्या हातात दिली. आईच्या ज्या खात्यात सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये येतात, त्या खात्याचा ओटीपी ह्याच फोनवर येतो बघा.

मग जागा करायची कशी? त्या मुलाचा फोन आम्ही तिथंच उघडला. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. तिथं ५ एमबीच्या वरच्या फाइली वेगळ्या दाखवतात. लग्नांचे व्हिडिओ, भजनं, एकच व्हिडिओ चार ग्रुपवरून आलेला. निम्मी कणगी त्यानंच भरली होती. ते निवडून पुसलं आणि ऑटो डाउनलोड बंद केलं. कंपनीची नको असलेली अ‍ॅप्स? ज्यांच्यावर ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ दिसतं ते दाबायचं, मग ‘डिसेबल’. अपडेट तुमच्याच कणगीत साठलेले असतात, म्हणून ही जागा खरोखर तुम्हाला परत मिळते. रूट लागत नाही.

ज्यांचे फोन भरलेत त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबा. मी लॅपटॉप आणि केबल आणलीय. काही पुसण्याआधी घरच्या माणसांचे फोटो, आवाज काढून पेनड्राइव्हवर घेऊ. ज्यांच्याकडे म्हाताऱ्या माणसांचे आवाज आहेत, त्यांनी आधी या.