नोंदवहीत जिवंत राहिलेले प्राणी

'प्राण्यांच्या सोयरिकी जुळवणाऱ्या बाई' अशी आत्ता माझी ओळख करून दिली गेली. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. माझे बहुतेक दिवस प्राण्यांच्या वंशाच्या नोंदवहीतल्या नोंदी तपासण्यात जातात. उरलेल्या वेळात मी निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांना कळवत असते, की या जोडीला यंदा पिल्लं होऊ देऊ नका.

आमच्या क्षेत्रात या नोंदवहीला स्टडबुक म्हणतात. एका प्रजातीचा संग्रहालयांमधला प्रत्येक प्राणी तिच्यात असतो. प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो आणि प्राणी मेला तरी तो क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. क्रमांकापुढे बाप, आई, जन्मतारीख, कुठून कुठे हलवला, कधी मेला, एवढंच. वाचायला रुक्ष वाटेल, पण काही प्रजाती आज जगात आहेत त्या अशा वहीच्या आधारावर.

विसेंटचं, म्हणजे युरोपीय गव्याचं उदाहरण घ्या. पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरच्या ब्यावोव्हिएजा जंगलातला शेवटचा रानटी विसेंट १९१९ मध्ये मारला गेला, कॉकेशसमधला १९२७ मध्ये. १९२३ मध्ये काही मंडळींनी बर्लिनमध्ये एक संस्था काढली आणि जगभरच्या उद्यानांमध्ये आणि खाजगी कळपांमध्ये किती विसेंट उरलेत ते मोजलं. ५४ निघाले. आजचे सगळे विसेंट त्या काळच्या अवघ्या १२ जनावरांचे वंशज आहेत. १९३२ मध्ये त्यांची पहिली वंशनोंदवही छापली गेली. कोणत्याही वन्यप्रजातीसाठी तयार झालेली ही पहिली नोंदवही. पुढे महायुद्ध आलं. युद्धानंतर ही वही पुन्हा उभी केली ती वॉर्सा प्राणिसंग्रहालयाच्या यान झाबिन्स्की यांनी. युद्धकाळात आपल्या रिकाम्या पिंजऱ्यांत आणि घरात ज्यूंना लपवून वाचवणारे तेच हे गृहस्थ. १९५२ मध्ये विसेंट ब्यावोव्हिएजाच्या जंगलात परतले. २०१९ मध्ये मोकळे फिरणारे विसेंट ६२०० च्या वर होते. पोलंडमध्ये जन्मलेल्या बहुतेक विसेंटचं नाव आजही 'पो' या अक्षरानं सुरू होतं. नाव वाचलं की तो कुठला ते कळतं. ही जुनी पद्धत मला फार आवडते.

पण १२ जनावरांवर एक प्रजाती उभी राहिली म्हणजे सगळे एकमेकांचे नातलग झाले. पिल्लाला आईच्या जनुकांतला अर्धा वाटा मिळतो, बापाच्या जनुकांतला अर्धा. न मिळालेला अर्धा दुसऱ्या कुठल्या पिल्लात गेला नाही, तर त्यातलं जे इतर कोणाकडेच नाही ते कायमचं गेलं. कुठेही रक्त दिसत नाही आणि कोणी मरत नाही, तरी पिढीगणिक थोडं थोडं असं गळत राहतं. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या कॅथरिन रॉल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये खुरवाल्या प्राण्यांच्या १६ प्रजातींच्या जन्ममृत्यूच्या नोंदी तपासल्या. १५ प्रजातींमध्ये जवळच्या नात्यातून झालेली पिल्लं लहानपणीच जास्त मरत होती. हे आकडे वर्षानुवर्षं संग्रहालयांच्या दप्तरात पडून होते. एकत्र मांडून कोणी पाहिले नव्हते.

त्यानंतर चित्र झपाट्यानं बदललं. १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत आणि १९८५ मध्ये युरोपात प्रजातीवार संयुक्त प्रजनन कार्यक्रम सुरू झाले. साधारण उद्दिष्ट असं, की मूळ रानातून आलेल्या प्राण्यांबरोबर जी जनुकीय विविधता आली, तिच्यातली ९० टक्के १०० वर्षं टिकवायची.

ती टिकवायची कशी? प्रत्येक प्राण्याचं इतर सगळ्या जिवंत प्राण्यांशी सरासरी किती नातं आहे ते काढतात. ज्याचं नातं कमी, तो मोलाचा, म्हणजे गोतावळा जितका लहान तितका प्राणी यादीत वर. रुबाबदार, धडधाकट, दरवर्षी पिल्लं देणारा नर लोकांचा लाडका असतो, पण आमच्या यादीत तो तळाशी जातो. त्याचा वाटा आधीच सगळीकडे पोहोचलेला असतो.

लहान रानमांजरांच्या एका प्रजातीची बैठक चालू होती. यादीत सर्वांत वर एक मादी होती. वय उताराला लागलेलं, स्वभाव तिखट, तोवर एकही पिल्लू नाही. भावंडं सगळी मेलेली, म्हणजे तिच्या आईबापांची जगातली तेवढी एकच खूण. संगणकानं सुचवलेला नर आकड्यांत अगदी चोख होता. तिची देखभाल करणारा किपर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, त्याला आणून शेजारी ठेवला तेव्हा तिनं दोन दिवस तोंडाला घास लावला नाही. पण पलीकडचा तो म्हातारा आवाज करतो ना, तेव्हा ती जाळीपाशी येऊन बसते." म्हातारा आमच्या यादीत सातवा होता. आम्ही म्हाताऱ्याला निवडलं. दोन पिल्लं झाली, त्यातलं एक जगलं. त्या पिल्लाचा क्रमांक मला आजही पाठ आहे.

माझ्यासारख्या समन्वयकाच्या हातात शेवटी शब्दच असतो. प्राणी दुसऱ्या संस्थेत राहतो, खाणं त्यांचं, डॉक्टर त्यांचे, प्रेक्षक त्यांचे. त्यांनी आपली लाडकी जोडी तोडायची, किंवा गर्दी खेचणारं पिल्लू दुसऱ्या खंडात पाठवायचं, ते आमच्या एका पत्रावर. एकदा एका संस्थेनं एका मादीच्या मृत्यूची बातमी आठ महिने कळवली नाही. मी तिच्यासाठी नर ठरवला होता. त्याला पेटीची सवय लावणं चालू होतं: आधी उघडी पेटी आवारात ठेवायची, मग आत खाणं, मग क्षणभर दार बंद. कित्येक आठवड्यांची त्या माणसांची मेहनत फुकट गेली, आणि तो नर प्रजननाचा एक हंगाम एकटा राहिला. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो. नोंद वेळेवर करणं हे कारकुनी काम समजलं जातं तोवर हे असंच होत राहणार.

खोटी नोंद तर त्याहून महाग पडते. उत्तर अमेरिकेत आशियाई सिंहांचा असाच कार्यक्रम चालू होता. १९८७ मध्ये जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. ज्या पाच मूळ प्राण्यांवर सगळा वंश उभा होता, त्यांपैकी दोन शुद्ध आशियाई नव्हतेच. त्यांच्यात आफ्रिकी सिंहाचं रक्त होतं. कधीतरी कोणीतरी वहीत 'आशियाई' असं लिहिलं आणि पुढच्या प्रत्येकानं ते खरं मानलं. कार्यक्रम गुंडाळावा लागला. ते सिंह देखणे होते, तब्येतीनं उत्तम होते. युरोपातल्या कार्यक्रमासाठी मग जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून, गीरच्या वंशाचे सिंह न्यावे लागले.

कोपनहेगनच्या जिराफाबद्दल मला दर व्याख्यानात विचारतात, म्हणून मीच सांगते. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या संग्रहालयानं मारियस नावाचा तरुण, निरोगी नर मारला, कारण त्याची जनुकं कळपांमध्ये आधीच भरपूर होती. जगभर संताप उसळला. आकडेमोड चुकली नव्हती. गर्भनिरोधकांनाही धोके असतात: काही माद्यांना गर्भाशयाचे आजार होतात, काही पुन्हा कधी गाभण राहत नाहीत. पिल्लं वाढवणं हा प्राण्याच्या आयुष्याचा मोठा भाग आहे, तो काढून घेऊ नये, असं त्या संग्रहालयाचं म्हणणं. ते मी समजू शकते. पण जन्मणाऱ्या पिल्लाला जागा असणार नाही हे आधी दिसत असेल, तर 'नाही' तेव्हाच म्हणावं, जन्मल्यानंतर नव्हे. माझ्या पत्रांत 'नको' हा शब्द इतक्या वेळा का येतो, त्याचं हेच कारण.

शेवटी एका मृत मादीबद्दल सांगते. अमेरिकेतला काळ्या पायांचा फेरेट, म्हणजे मुंगसासारखा लांबट अंगाचा छोटा शिकारी प्राणी, संपला असं धरून चालले होते. १९८१ मध्ये वायोमिंग राज्यातल्या एका कुत्र्यानं एक मेलेला फेरेट घरी आणला आणि जवळच एक वस्ती सापडली. रोगराईनं ती झपाट्यानं खलास होऊ लागली, तेव्हा उरलेले १८ पकडून आणले. त्यांपैकी फक्त सातांचा वंश पुढे चालला. विला नावाची मादी त्या सातांत नव्हती. ती १९८८ मध्ये मेली आणि आज तिचं कोणीही वंशज नाही. पण मरणानंतर तिच्या पेशी गोठवून सॅन दिएगोला ठेवल्या होत्या, नाव-क्रमांकासकट. त्या पेशींपासून क्लोनिंग करून डिसेंबर २०२० मध्ये एलिझाबेथ अ‍ॅन जन्मली. तिला पिल्लं होऊ शकली नाहीत. त्याच पेशींपासून जन्मलेल्या अँटोनियाला २०२४ मध्ये तीन पिल्लं झाली. एक गेलं, एक नर आणि एक मादी जगली. सातांच्या वंशात आठवीचं रक्त आलं. त्या दोघांच्या आईच्या पुढे विलाचा दुवा जोडता आला, कारण १९८८ मध्ये कोणीतरी एका छोट्या नळीवर तिचा क्रमांक नीट लिहून ठेवला होता.