आखूड कमान

[दृश्य: बाकावर मांडलेलं सामान, जवळून]

ही म्हशीच्या शिंगाची पट्टी. हा लाकडाचा गाभा. आणि ही पिंजलेल्या तागासारखी दिसणारी जुडी म्हणजे जनावराच्या पायातली कंडरा. वाळवून, कुटून तिचे धागे सुटे केलेत. या तिघांची मिळून कमान, म्हणजे धनुष्य, होते. त्यांना जोडणारा सरस मागे शेगडीवर तापतोय.

नुसत्या लाकडाची कमान २८ इंच खेचायची, तर ती त्याच्या दुपटीहून लांब लागते. आखूड केली की तडकते. इथे मात्र कामं वाटून दिलीत. शिंग दाब सोसतं, म्हणून ते पोटाला, तिरंदाजाच्या बाजूला. कंडरा ताण सोसते, म्हणून ती पाठीवर. एक थर सरसात भिजवून बसवायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. वाळताना कंडरा आकसते आणि अख्खी कमान उलटी ओढत नेते. यात महिनेच्या महिने जातात. घाई केली तर थर सुटतो, मग सगळं पहिल्यापासून.

[दृश्य: दोरी चढवताना]

दोरी उतरवल्यावर टोकं पुढे वळून एकमेकांना भेटायला आलीत. नवखा हमखास उलट्या बाजूनं दोरी चढवायला जातो. चढवल्यावर तुर्की घडणीची ही कमान सव्वा मीटरच्या आतच भरते. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेवर सापडलेल्या यू लाकडाच्या कमानी जवळपास दोन मीटर लांब आहेत.

[दृश्य: घोडेस्वार, संथ गतीत]

आता डावा बाण सुटला. बघा, कमान घोड्याच्या मानेवरून उजवीकडे आली, कुठेही न अडकता. घोड्यावर लांब कमान चालतच नाही असं नाही. यूमी ही जपानी कमान दोन मीटरहून लांब असते, पण तिची मूठ मध्याच्या बरीच खाली असते. आखूड कमानीला अशी तडजोड लागत नाही. मुठीच्या वरच्या-खालच्या भुजा हलक्या, त्या झटकन पुढे येतात आणि हलका बाण सणकन निघतो.

[दृश्य: अंगठ्यातलं कडं]

खेचल्यावर दोरीचा कोन मात्र फार टोकदार होतो. तीन बोटांनी खेचणाऱ्याची बोटं चिमटतात. म्हणून हे कडं: दोरी अंगठ्यानं धरायची, बाण कमानीच्या उजव्या अंगाला ठेवायचा. हात नव्यानं शिकवावा लागतो. शिवाय साध्या घडणीची आखूड कमान शेवटच्या दोन-तीन इंचांत एकदम जड होते, मूठ जरा पिळली की बाण भरकटतो, आणि दमट हवेत सरस ढिला पडतो. स्थिर निशाण्यावर गुण मिळवायचे असतील, तर लांब कमान चुका जास्त पोटात घालते.

[दृश्य: स्वार पुन्हा वळतो]

पुढच्या तीन बाणांवर निवेदन नाही.