वीरधवलचा तो एक शतांश सेकंद

नमस्कार पुणेकर मंडळी! उन्हाळा आला की टिळक तलावापासून बालेवाडीपर्यंत सगळीकडे टँकवर पोरांची ही गर्दी, म्हणून म्हटलं आज वीरधवल खाडेबद्दल बोलूया.

आपला कोल्हापूरचा पोरगा. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला तेव्हा सोळा वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी आपल्या बालेवाडीत कॉमनवेल्थ यूथ गेम्स झाल्या तिथे गोल्डसुद्धा मारलं. मग २०१० ला एशियन गेम्समध्ये ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ, म्हणजे १९८६ च्या एशियन गेम्समधल्या खजान सिंगच्या मेडलनंतर तिथे स्विमिंगमध्ये भारताला मिळालेलं पहिलं मेडल! पण पोहून घर चालतं का हो? सरकारने तहसीलदार केलं, पोस्टिंग मालवणला. बाजूला अख्खा समुद्र, पण स्प्रिंटची प्रॅक्टिस काय समुद्रात होते? त्याला मोजलेला टँक लागतो, स्टार्टचा ब्लॉक लागतो, रोज घड्याळ लावणारा कोच लागतो. ऐन उमेदीची वर्षं अशी गेली, याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

तरी गडी परत आला. २०१८, जकार्ताच्या एशियन गेम्स, ५० मीटर फ्रीस्टाइल. या रेसमध्ये टर्न नाही, एकच लांबी, बरेच जण तर श्वाससुद्धा घेत नाहीत. सकाळच्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, त्याने २२.४३ चा नॅशनल रेकॉर्ड केला, आणि संध्याकाळी फायनलला वेळ आली २२.४७. ब्राँझवाल्या जपानी पोराची २२.४६. एक शतांश सेकंद! त्या स्पीडला हे अंतर भरतं जेमतेम दोन सेंटीमीटर. भिंतीवरच्या टच पॅडला बोटं कुणाची आधी टेकली एवढाच काय तो फरक. शेवटचा हात भिंतीशी नीट जुळला नाही, अर्धा स्ट्रोक जास्त मारला किंवा लवकर सोडून नुसतं सरकत गेलात, की तेवढ्यात मेडल जातं. म्हणून पोरांनो, सर ‘फिनिश कर, फिनिश कर’ म्हणून ओरडतात ना, तेव्हा भिंतीजवळ ढिले पडू नका.

मला विचाराल तर हा चौथा नंबर २०१० च्या त्या ब्राँझपेक्षा मोठा, कारण ब्राँझ मिळालं तेव्हा तो फक्त स्विमर होता, चौथा आला तेव्हा इतक्या वर्षांचा खंड भरून आला होता. २०२३ ला गोव्यात नॅशनल गेम्समध्ये त्याने परत ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड घेतलं आणि मगच रिटायर झाला, वय बत्तीस.